वसईचा बालेकिल्ला आणि तटबंद नगर : अभ्याससहलीच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्यातील वाचकास तटबंद गावाची कल्पना नवी नाही. कारंजा (लाड) येथील दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. व्यापारी पेठेचे रक्षण तटाने आणि वेशींनी कसे होत असे, हे समजण्यासाठी मालेगावच्या विद्यार्थ्यास दूर जावे लागत नाही. नरनाळा आणि गाविलगड यांच्यामुळे डोंगरी किल्लाही वऱ्हाडाच्या परिचयाचा आहे. परंतु समुद्रमुखावरचा बालेकिल्ला, त्याच्याभोवती पसरलेले नगर आणि त्या नगराला वेढणारा दुसरा तट, हा प्रकार वऱ्हाडात असणे शक्य नव्हते. तो पाहण्यासाठी कोकण किनाऱ्याकडेच जावे लागते आणि त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत विस्तृत उदाहरण म्हणजे पालघर जिल्ह्यातील वसई होय.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांच्या सहली वसईला वरचेवर जातात. बहुतेक सहलींचा क्रम ठरलेला असतो : चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी समूहछायाचित्र, दोन-तीन पडक्या चर्चच्या कमानी, समुद्राकडील दरवाजा आणि परतीचा प्रवास. सहलीनंतर लिहिल्या जाणाऱ्या अहवालात इ.स. १७३९ चा विजय तेवढा येतो. तो यायलाच हवा, पण त्याआधीची दोनशे वर्षे ज्या दगडांत उभी आहेत, ते दगड न पाहताच विद्यार्थी परततो. हा दोष विद्यार्थ्याचा नसून सहलीच्या आखणीचा आहे. वसईला ‘किल्ला’ म्हणून पाहिले की तट आणि बुरूज दिसतात. ‘नगर’ म्हणून पाहिले तरच आतील अवशेषांचा परस्परसंबंध लागतो. प्रस्तुत लेखात ही दुसरी दृष्टी कशी राखावी, याचे विवेचन केले आहे.

‘वसईचा किल्ला’ या शब्दप्रयोगातील अडचण

मराठीत आपण सरसकट ‘वसईचा किल्ला’ म्हणतो. वास्तविक या एका नावाखाली दोन वास्तू येतात. एक म्हणजे आतला छोटा गढीवजा बालेकिल्ला, आणि दुसरी म्हणजे रस्ते, चौक, मठ, रुग्णालय, नगरसभा आणि घरे असलेल्या संपूर्ण शहराभोवतीचा बाहेरचा तट. पोर्तुगीज कागदपत्रांत हे शहर ‘बसैं’ या नावाने येते. युरोपातील मध्ययुगीन नगरांत राजाचा किंवा सरदाराचा गढकोट एका बाजूस आणि त्याच्या आश्रयाने वाढलेले तटबंद शहर दुसऱ्या बाजूस, अशी रचना आढळते. लिस्बन येथील साव जॉर्जचा गढ आणि त्याखालचे जुने शहर हे त्याचे उदाहरण होय. वसईच्या जमिनीवर तोच आराखडा कोकणच्या चिखलात आणि खाडीत उतरविण्यात आला. सोळावे शतक युरोपच्या दृष्टीने मध्ययुगाच्या पलीकडचे असले, तरी भारतीय इतिहासाच्या प्रचलित कालविभागणीत ते मध्ययुगातच मोडते. शिवाय बालेकिल्ल्याची घडण तोफांच्या युगापूर्वीच्या सवयी पूर्णपणे सोडत नाही.

म्हणून पाहणीचा क्रम आतून बाहेर असावा. आधी बालेकिल्ला, मग नगर, मग तट आणि शेवटी १७३९ चा वेढा. दरवाजातून शिरल्याबरोबर तटावर चढणे हा उलटा क्रम झाला. त्यात शेवटचा अध्याय आधी वाचला जातो.

बालेकिल्ला

वसईच्या तिन्ही बाजूंना पाणी होते. दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची विस्तीर्ण खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेकडे खाड्या व खाजणे. प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, येथून जवळच आहे. त्यामुळे या परिसराचे व्यापारी महत्त्व पोर्तुगिजांनी शोधून काढले, असे म्हणता येणार नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्या काळात येथे कोट उभारला गेला होता. इ.स. १५३३ च्या आरंभी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याने त्यावर हल्ला करून तो घेतला. पुढे मोगल बादशहा हुमायून याच्या स्वारीची भीती उभी राहिल्याने बहादूरशाहाला पोर्तुगिजांशी जुळते घ्यावे लागले आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने वसई आपल्या अवलंबित प्रदेशांसह पोर्तुगिजांकडे गेली. मुंबईची बेटे या प्रदेशातच मोडत होती. पुढे इ.स. १६६१ च्या विवाहकरारात ती इंग्लंडच्या राजाकडे गेली, तेव्हा वसईच्या ताब्यातील एक दुय्यम मुलूखच हस्तांतरित होत होता. आज वसई हे मुंबईचे उपनगर समजले जाते. साडेतीन शतकांपूर्वी नाते नेमके उलटे होते, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे.

बालेकिल्ल्याचे काम इ.स. १५३६ मध्ये सुरू झाले. वसईचा पहिला कॅप्टन गार्सिया द सा याने गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या आज्ञेने हा कोट बांधल्याची नोंद शिलालेखात होती. या गढीला संत सेबॅस्टियनचे नाव देण्यात आले. तिच्या प्रवेशद्वाराशी अभ्यासकाने किमान पंधरा मिनिटे थांबावे. दारावर पोर्तुगालचे राजचिन्ह, ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या लष्करी धर्मसंघाचा क्रूस आणि खगोलवलयांचा गोल ही तीन चिन्हे कोरलेली आहेत. हा गोल म्हणजे आकाशस्थ वर्तुळांची प्रतिकृती असून राजा मॅन्युएलने तो आपले व्यक्तिगत चिन्ह म्हणून स्वीकारला होता. राजसत्ता, धर्मसत्ता आणि नौकानयनाचे शास्त्र या तिन्हींचा दावा एका दरवाजाच्या चौकटीवर मांडलेला दिसतो. पोर्तुगीज साम्राज्याचे स्वरूप समजावून देण्यास इतके संक्षिप्त साधन दुसरे मिळणे कठीण.

गढी आकाराने लहान आहे. कॅप्टनचे निवासस्थान, शस्त्रसाठा आणि मोजकी शिबंदी मावेल एवढीच तिची व्याप्ती. ती बांधली तेव्हा भोवती शहर नव्हते, होती ती फक्त वखार आणि वस्ती. शहर वाढले तसा बाहेरचा तट आवश्यक झाला आणि तो बांधून झाल्यावर आतल्या गढीचे लष्करी प्रयोजन कमी झाले. बाहेरच्या तटाचे बुरूज कोनदार, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत. दोन बुरुजांवरील तोफांचा मारा मधल्या भिंतीच्या पायथ्याशी एकमेकांस छेदावा आणि शत्रूला आडोसा मिळू नये, हे त्यामागील गणित. ही पद्धत इटलीत विकसित झाली आणि सोळाव्या शतकात जगभर पसरली. गढी आणि तट एकामागून एक पाहिल्यास तोफेने वास्तुशास्त्रात घडविलेला बदल डोळ्यांनी दिसतो. गणिताच्या किंवा भूमितीच्या प्राध्यापकांनाही येथे सांगण्यासारखे बरेच आहे. ही सहल केवळ इतिहास विभागाची समजली जाते, हे योग्य नव्हे.

दगड

वसईचा दगड बेसाल्ट आहे. ज्या लाव्हाच्या थरांवर वाशिम-मालेगावची काळी जमीन तयार झाली, त्याच दख्खनच्या थरांचा हा पश्चिमेकडील विस्तार होय. वऱ्हाडातील विद्यार्थ्याला तटाचा दगड ओळखीचा वाटेल, तो यामुळेच. गोव्यात मात्र बांधकामाचा नित्याचा दगड जांभा. जांभा सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. त्यामुळे वसईचा दगड जहाजांतून गोव्यास नेला जाई आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागात तो वापरला गेला. साम्राज्याच्या राजधानीला उत्तरेकडील शहर दगड पुरवीत होते, ही बाब व्यापाराच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

नगर

वसई ही पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. दमणपासून चौलपर्यंतचा किनारा येथून पाहिला जाई. शहरातील उमरावांच्या राहणीमुळे तिला उत्तरेचा दरबार असे म्हटले जात असे. तटाच्या आत प्रामुख्याने पोर्तुगीज उमराव आणि धर्मसंघ राहत; एतद्देशीय कारागीर आणि व्यापारी यांची वस्ती तटाबाहेर होती, असे तत्कालीन प्रवाशांच्या वर्णनांवरून दिसते. म्हणजे तट केवळ शत्रूला अडविण्यासाठी नव्हता. आपले आणि परके यांच्यातील रेषाही तोच आखीत होता. कारंज्याच्या वेशींच्या आत सावकार, कोष्टी, तेली, अत्तार सारेच राहत. वसईची वेस अशी नव्हती आणि हा फरक वऱ्हाडच्या विद्यार्थ्यालाच चटकन कळेल.

नगरातील वास्तूंपैकी चर्च आणि मठ अधिक टिकले, कारण त्यांच्या भिंती जाड होत्या. संत जोसेफ यांचे मुख्य चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यास उभारले गेले आणि दर्शनी भिंतीवरील लेखानुसार इ.स. १६०१ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. त्याच्या मनोऱ्यात गोल जिना आहे. जेझुइटांचे चर्च आणि त्यांचे कॉलेज यांचे अवशेष दर्शनी भागातील उंच स्तंभांमुळे ओळखता येतात. फ्रान्सिस्कन मठाचे चर्च, डॉमिनिकन मठ, ऑगस्टिनियन मठ हे एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत. चार-पाच धर्मसंघांनी एका लहान शहरात आपापले मठ इतक्या जवळजवळ का बांधले, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा असा आहे. देणग्या, जमिनी आणि प्रतिष्ठा यांसाठीची स्पर्धा हे त्याचे उत्तर आहे.

जेझुइट चर्चमधील एक थडगे विशेष उल्लेखनीय आहे. ते इझाबेल द अगियार या विधवेचे असून तिचा मृत्यू इ.स. १५९१ चा आहे. कॉलेजला उदार साहाय्य करणारी म्हणून तिची ओळख दगडावर कोरली आहे. सोळाव्या शतकात कोकणातील एका शिक्षणसंस्थेची आश्रयदाती म्हणून एका स्त्रीचे नाव नोंदले जावे, ही गोष्ट स्त्री-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतही थडग्यांचे लेख मोठ्या संख्येने आहेत. छत गेल्यामुळे त्यांवर पावसाळ्यात पाणी साचते, वर्षभर त्यांवरून पावले जातात आणि अक्षरे दरवर्षी थोडी अधिक झिजतात. गोव्याचे डॉ. जर्सन द कुन्या यांनी इ.स. १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या पुरातत्त्वावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वाचून घेतलेले लेख आज मूळ दगडाशी ताडून पाहणे हा पदव्युत्तर वर्गासाठी एक उत्तम प्रकल्प ठरेल. तो लवकर हाती घेतला पाहिजे, कारण दगड कोणासाठी थांबणार नाही.

शहराचा ऱ्हास १७३९ च्या आधीच सुरू झाला होता. इ.स. १६१८ च्या मे महिन्यातील वादळाने मठांची छपरे उडविली. इ.स. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर येऊन चर्च लुटली आणि शिबंदी तटाआड राहिली. त्याच सुमारास खाडीपलीकडे मुंबईचे बंदर वाढत होते.

वेढा

मराठ्यांची उत्तर कोकणची मोहीम इ.स. १७३७ मध्ये ठाणे घेऊन सुरू झाली. या प्रदेशात सोळाव्या शतकापासून झालेली देवळांची मोडतोड आणि धर्मसक्ती ही मोहिमेमागची एक मोठी प्रेरणा होती. जमीनदार व वतनदार यांची गाऱ्हाणी हीदेखील होती. वसई मात्र दोन वर्षे हाती आली नाही. इ.स. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वेढा आवळला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हेही या मोहिमेत सामील झाले.

तटावर चढून उत्तरेकडे पाहिल्यास अडचण कोणती होती, ते कळते. तीन बाजूंना पाणी, आणि जमिनीची एकच बाजू, तीही वाळूची. वाळूत मोर्चे खणत तटाच्या पायथ्याशी पोहोचायचे, सुरुंग भरायचे आणि वरून तोफा, हातबॉम्ब व जळते पदार्थ यांचा वर्षाव सोसायचा. मे महिन्याच्या आरंभी रेमेदियस आणि सेबॅस्टियन या बुरुजांच्या बाजूस सुरुंग उडवून खिंडारे पाडण्यात आली. काही सुरुंग अवेळी उडाल्याने मराठ्यांचीच हानी झाली. हल्ल्यांत मराठ्यांचे हजारो लोक पडले. अखेर दारूगोळा आणि माणसे दोन्ही संपत आल्याने पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. तहाच्या अटींनी शिबंदीला शस्त्रांसह, आणि नागरिकांना जंगम मालमत्तेसह निघून जाण्याची मुभा मिळाली. इतक्या प्राणहानीनंतर विजेत्याने दिलेल्या या अटी अभ्यासकांनी वेढ्याइतक्याच बारकाईने वाचाव्यात.

या विजयाच्या खुणा वसईबाहेरही आहेत. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा, वाईजवळील मेणवलीची घंटा आणि भीमाशंकर येथील घंटा या पोर्तुगीज घंटांचा संबंध वसईच्या मोहिमेशी जोडला जातो. ज्यांनी नाशिकचे मंदिर उभारले, त्याच सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी मालेगावचा भुईकोट बांधला. अर्थात ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातले. वाशिमच्या मालेगावातून सहलीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांत हा घोटाळा दरवर्षी होतो, म्हणून येथे नोंद केली. वज्रेश्वरीचे गढीसारखे मंदिर चिमाजींच्या नवसातून उभे राहिले, अशी परंपरा आहे.

पुढे इ.स. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत मिळाली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. पाठ्यपुस्तकातील ‘वसईचा तह’ तो हाच. ज्या शहरासाठी चिमाजींच्या सैन्याने एवढी किंमत मोजली, त्याच शहरात त्रेसष्ट वर्षांनी पेशवाईने आपले स्वातंत्र्य लिहून दिले. विद्यार्थ्यांना हे दोन्ही प्रसंग स्वतंत्रपणे पाठ असतात. ते एका जागी घडले, याकडे क्वचितच कोणी लक्ष वेधते.

दोन स्मृती

वसईचा अवशेष एका समाजाचा नाही. तटाच्या आत नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे मंदिर आहे. तेथे पूजा होते. जेझुइट चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाशी जोडलेले आहे. वसईत जन्मलेले आणि येथील जेझुइटांकडे शिकलेले गोन्सालो गार्सिया इ.स. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारले गेले आणि इ.स. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. त्यांचे वडील पोर्तुगीज तर आई वसईची. वसईच्या ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी कुटुंबांच्या दृष्टीने या भिंती परक्यांच्या राजवटीचे अवशेष असतीलही, पण त्याच वेळी त्यांच्या पूर्वजांच्या उपासनेची स्थानेही आहेत. हा समाज मराठी बोलतो आणि मराठीत लिहितो. इ.स. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच.

मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकावर येथे थोडी जबाबदारी येते. धर्मसक्तीचा इतिहास लपवू नये आणि त्याचा भार आजच्या वसईकर ख्रिस्ती माणसावर टाकू नये. या दोन गोष्टी एकाच व्याख्यानात सांगता येतात. मात्र त्यासाठी व्याख्यान स्मारकापाशी न देता नागेश्वर मंदिर आणि जेझुइट चर्च या दोहोंच्या भेटीनंतर द्यावे.

तुलनेसाठी मोटी दमण आणि रेवदंडा ही ठिकाणे उपयोगी पडतात. मोटी दमणचा तट आजही सरकारी कचेऱ्या आणि चर्च यांना वेढून उभा आहे, म्हणजे तेथील नगर जिवंत आहे. रेवदंड्याच्या तटात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली अद्याप ऐकू येते. वसईचे नगर ओसाड पडले. किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे जाणारा रस्ता मात्र तटाच्या आतून जातो आणि त्यावर दिवसभर वर्दळ असते.

सहलीच्या आखणीसंबंधी

मालेगावहून वसई पूर्वी दूर वाटे. वाशिम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत पूर्णपणे खुला झाल्याने रात्री निघून सकाळी वसईस पोहोचणे आता सहज शक्य आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना अकोल्याहून मुंबईची गाडी घेऊन पुढे पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर उतरावे लागते. तेथून किल्ला सात-आठ किलोमीटर आहे.

एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. पावसाळ्यात भिंती हिरव्या होतात व छायाचित्रे सुंदर येतात. मात्र गवत वाढल्याने थडग्यांचे लेख झाकले जातात आणि सर्पांचे भय असते. अभ्यासासाठी डिसेंबर-जानेवारी हा काळ अधिक सोयीचा. स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने लेखांवर खडू घासणे, तेल किंवा पाणी ओतून अक्षरे उठावदार करणे अशा जुन्या सवयी टाळाव्यात. तिरक्या उन्हात, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास किंवा सायंकाळी पाचनंतर, अक्षरे आपोआप उठून दिसतात. विवाहपूर्व छायाचित्रणासाठी येणाऱ्या जोडप्यांची आणि चित्रीकरणाची गर्दी सुट्टीच्या दिवशी अधिक असते. इ.स. २०१६ मध्ये ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गीताच्या चित्रफितीत येथील भिंती जगभर दिसल्या आणि ही गर्दी वाढण्यास ते एक निमित्त झाले असावे. म्हणून आठवड्यातील मधला दिवस निवडावा.

विद्यार्थ्यांचे तीन गट करून एकास बालेकिल्ल्याचा दरवाजा, दुसऱ्यास एक चर्च आणि तिसऱ्यास तटाचा एकच बुरूज असे काम वाटून द्यावे. मोजपट्टी, दिशादर्शक आणि जाड कागदाची वही एवढे साहित्य पुरते. प्रत्येक गटाने आपल्या वास्तूचा आराखडा जागेवरच काढावा आणि दुपारच्या जेवणापूर्वी इतरांना तो उभ्या उभ्या समजावून द्यावा.